उताऱ्यातले मुख्य पात्र

साहित्यप्रकारांची यादी करायला बसलेला समीक्षक कथा, कादंबरी, कविता, नाटक, चरित्र, प्रवासवर्णन असे करत करत ललित लेखापर्यंत येतो आणि हात झटकून उठतो. त्याच्या यादीत उतारा नसतो. खरे तर उताऱ्याइतका निष्ठावंत वाचक दुसऱ्या कुठल्याही प्रकाराला लाभलेला नाही. महाराष्ट्रात एकट्या दहावीला दरवर्षी १५ लाखांच्या आसपास मुले बसतात. त्यांतली मराठी प्रथम भाषा घेतलेली सगळी मुले एका ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, मोबाइलशिवाय आणि पर्यवेक्षकाच्या पहाऱ्यात एकच गद्य वाचतात. ज्ञानपीठ मिळालेल्या लेखकालाही असा वाचक स्वप्नात दिसत नाही. एवढे असून उताऱ्याला मान नाही, कारण त्याला ना मुंडके ना शेपूट. सुरुवात आपण येण्याआधीच होऊन गेलेली असते आणि शेवट पुढच्या पानावर असतो, जे पान छापलेलेच नसते. तरीही मुलांनी त्यात कथेचे घटक शोधावेत अशी अपेक्षा असते. बारावीच्या युवकभारतीत हे घटक रीतसर दिले आहेत: कथानक, पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती, संघर्ष, संवाद, भाषाशैली. यादी चोख आहे, तिच्याशी भांडण नाही. माझे म्हणणे एवढेच की परीक्षेतल्या उताऱ्याचे मुख्य पात्र या यादीच्या आधारे कधीच सापडत नाही, कारण ते उताऱ्यात नसते. ते उताऱ्याच्या खाली, प्रश्नांच्या आड बसलेले असते. बोर्डाच्या भाषेत त्याला प्राश्निक म्हणतात, मुलांच्या भाषेत पेपर काढणारे सर.

आधी रिंगणाची आखणी पाहू. दहावीच्या मराठी कुमारभारतीची लेखी कृतिपत्रिका ८० गुणांची असते आणि तिच्यात गद्य विभागाला १८ गुण असतात: पठित उतारे दोन, प्रत्येकी ७ गुणांचे, आणि एक अपठित उतारा ४ गुणांचा. पठित उताऱ्याच्या सातांपैकी दोन आणि दोन आकलनाला, तीन स्वमताला. प्रश्नांना आता प्रश्न म्हणत नाहीत, कृती म्हणतात. त्यामुळे बाकावर अडीच-तीन तास हलता न येणाऱ्या मुलालाही आपण काहीतरी कृती करतो आहोत असे वाटते. आता असाच एक उतारा घेऊ. तो कुठल्याही पेपरातला नाही, पण कुठल्याही पेपरात खपेल: ‘पहाटेच रामरावांना जाग आली. आभाळात काळे ढग दाटून आले होते. त्यांनी पोराला हाक मारली. “बाबा, आज माझी शाळा आहे,” दाराआडून आवाज आला. रामराव काही बोलले नाहीत. त्यांनी बैल सोडले, खांद्यावर घोंगडी टाकली आणि ते एकटेच शेताकडे निघाले.’ आता कृती. चौकटी पूर्ण करा: पहाटे जाग येणारे — रामराव, आभाळात दाटून आलेले — काळे ढग. ओघतक्ता पूर्ण करा: जाग येणे, हाक मारणे, बैल सोडणे, घोंगडी टाकणे, निघणे. बघा, पात्र विचारून झाले, वातावरण विचारून झाले, कथानक तर बाणाच्या खुणांसकट विचारून झाले. घटकांच्या यादीतल्या बऱ्याच नोंदींवर टिचकी पडली. राहिले काय, तर रामराव काही बोलले का नाहीत, हे. त्या सबंध उताऱ्यात गोष्ट म्हणावी अशी तेवढी एकच जागा आहे. आणि तिच्यासाठी चौकट नाही, कारण ती चौकटीत मावत नाही.

चौकटी भरायला भाषा कळावी लागते, हाही एक गोड गैरसमज आहे. हे वाचा: ‘भल्या झुंजाळीला टिंबुरकराने लखोंडी उपसली. तेवढ्यात खुरमुटीतून भेंडगुळा डोकावला. टिंबुरकराने त्याला चटकन गुमटावले.’ लखोंडी उपसणारा कोण? टिंबुरकर. डोकावण्याचे ठिकाण? खुरमुटी. घटनेची वेळ? झुंजाळी. टिंबुरकराच्या स्वभावाचा एक विशेष? चपळ, कारण त्याने चटकन गुमटावले. ‘भेंडगुळा’ या शब्दाचे अनेकवचन? भेंडगुळे. पैकीच्या पैकी गुण. गुमटावणे म्हणजे कुशीत घेणे की कायमचे संपवणे, हे आपल्याला शेवटपर्यंत कळलेले नाही, आणि त्यावाचून आपले काही अडलेलेही नाही. मराठीचे व्याकरणच इतके सोशीक आहे की ‘ने’ आणि ‘तून’ हे दोन प्रत्यय तेवढे ओळखले की अर्ध्या चौकटी आपोआप भरतात. ज्या पोराला आपण ‘वाचता येते, पण समजत नाही’ म्हणून कपाळाला हात लावतो, त्याला हे तंत्र उत्तम साधलेले असते. खरी पंचाईत होते ती ज्याला उतारा समजतो त्याची. तो रामरावांपाशी रेंगाळतो आणि त्याचा वेळ कमी पडतो.

मग तुम्ही म्हणाल, स्वमत आहे की! तीन गुण मुलाच्या स्वतःच्या मताला राखून ठेवले आहेत. आहेत खरे. पण आपल्या उताऱ्यावर स्वमत काय विचारले जाईल? ‘शेतकऱ्याच्या जीवनातील पावसाचे महत्त्व तुमच्या शब्दांत लिहा.’ म्हणजे आकलनाच्या कृती उताऱ्याकडे नुसते बघून सुटतात आणि स्वमताची कृती उताऱ्याकडे न बघताच सुटते. या दोहोंच्या मधे जी वस्तू आहे तिला गोष्ट म्हणतात, आणि तिच्या वाटेला कोणी जात नाही. स्वमताची खरी बहार तर गाइडात आहे. तिथे ते छापील मिळते. हजारो मुलांचे स्वतःचे मत एकाच छापखान्यातून बाहेर पडते, एकाच ओळीने सुरू होते आणि ‘अशा प्रकारे’ने संपते. यात मुलांना हसण्यासारखे काही नाही. त्यांनी मुख्य पात्र अचूक ओळखले आहे. आपले मत काय हे कोणी विचारत नसून पेपर काढणाऱ्या सरांना आपले मत काय असावेसे वाटते, हे विचारले जात आहे, हे त्यांना पक्के ठाऊक असते. पात्राच्या मनात शिरणे म्हणतात ते याहून वेगळे काय?

या पात्राचे चित्रण मुले किती बारकाईने करतात पाहा. क्लासमध्ये पहिला मंत्र मिळतो की आधी प्रश्न वाचा, उतारा मागाहून. म्हणजे नायकाची ओळख आधी, पार्श्वभूमी नंतर. दुसरा मंत्र: पर्यायांत ‘नेहमी’, ‘कधीच नाही’, ‘फक्त’ असे ठाम शब्द आले की तो पर्याय चुकीचा धरा, कारण हा गृहस्थ भिडस्त आहे. सर्वांत लांब पर्याय बहुधा बरोबर, कारण बरोबर उत्तर वादातीत व्हावे म्हणून तो त्यात जादा शब्द घालतो. उताऱ्यात म्हातारा दिसला तर तो शहाणा, मूल दिसले तर ते निरागस, झाड दिसले तर ते तोडू नये. आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत तर या नायकाच्या स्वभावाला एक पीळ होता: जास्तीत जास्त २० टक्के प्रश्नांना चारांपैकी दोन पर्याय बरोबर असत आणि दोन्ही वर्तुळे रंगवली तरच गुण मिळत. तेरा-चौदा वर्षांचे पोर अशा वेळी उताऱ्यातल्या कोल्ह्याच्या हेतूचा विचार करत नसे. प्राश्निकाला या प्रश्नात एक उत्तर हवे आहे की दोन, याचा विचार करी. संशयकथा यापेक्षा चांगली वाचली जात नाही.

हा आपल्याकडचाच आजार असता तर बोर्डाला चार शब्द सुनावून मोकळे होता आले असते. पण तो जागतिक आहे, आणि अमेरिकेत त्याची प्रकृती अधिक धष्टपुष्ट आहे. संघर्ष हा कथेचा प्राण, असे तिथल्याही मुलांना शिकवतात. आता संघर्ष परीक्षेत शिरू नये म्हणून केलेला बंदोबस्त पाहा. डायान रॅविच या शिक्षण-इतिहासकार बाईंनी २००३ साली ‘द लँग्वेज पोलीस’ नावाचे पुस्तक लिहून परीक्षांतून गाळलेल्या उताऱ्यांची कुळकथा सांगितली. शेंगदाण्यावरचा उतारा गेला, कारण काही मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी असते. घुबडावरचा गेला, कारण नॅव्हाहो लोकांत घुबड अशुभ. एका अंध गिर्यारोहकाच्या पराक्रमाचा गेला, कारण अंधांना डोंगर चढणे जास्त अवघड असे त्यातून सूचित होते, शिवाय सपाट प्रदेशातल्या मुलांवर अन्याय होतो. पुढे २०१२ साली न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण खात्याने परीक्षा तयार करणाऱ्या कंपन्यांना टाळायच्या विषयांची सुमारे ५० नोंदींची यादी दिली. तीत घटस्फोट आणि गरिबी होती हे एक वेळ समजू शकते. पण डायनासोर आणि वाढदिवससुद्धा होते. हसू झाले आणि यादी मागे घेतली गेली. आपल्याकडे अशी छापील यादी लागतच नाही, प्राश्निक ती पोटात घेऊनच जन्माला येतो. आपल्या उताऱ्यांतल्या जगात कोणी कर्जबाजारी असला तरी सावकाराचे आडनाव नसते, नवरा-बायकोचे भांडण नसते, जात तर कोणाला ठाऊकच नसते. सगळे पहाटे उठतात. एवढे सगळे उपसून काढल्यावर खाली ‘या उताऱ्यातील संघर्ष स्पष्ट करा’ असे विचारायचे, म्हणजे फोडणी, मीठ, डाळ काढून घेऊन आमटीची चव विचारण्यासारखे आहे.

आणि याच न्यूयॉर्कने, त्याच वर्षी, महिन्याभरात या साहित्यप्रकारातली अभिजात कृती दिली. आठवीच्या राज्यस्तरीय वाचन परीक्षेत, पिअर्सन कंपनीने बनवलेल्या पेपरात, ससा-कासवाच्या शर्यतीच्या धर्तीवर एक गोष्ट होती. यात सशाला आव्हान देतो अननस. बोलणारा अननस. बाकीचे प्राणी विचार करतात की ज्याला पायच नाहीत तो शर्यत लावतो, त्या अर्थी याने बाहीत काहीतरी डाव लपवला असणार. आणि सगळे अननसाच्या बाजूने होतात. शर्यत सुरू होते. ससा धावतो. अननस जागचा हलत नाही. ससा जिंकतो आणि प्राणी अननस खाऊन टाकतात. तात्पर्य असे की अननसाला बाह्या नसतात, मग डाव लपवणार कुठे! इथवर सगळे झकास आहे. मूळ लेखक डॅनियल पिंकवॉटर हे विक्षिप्त विनोदासाठीच प्रसिद्ध, आणि त्यांच्या मूळ गोष्टीत तर अननसाऐवजी वांगे होते. घोटाळा झाला खालच्या प्रश्नांत. प्राण्यांनी अननस का खाल्ला: चिडले होते म्हणून, भूक लागली होती म्हणून, गंमत वाटली म्हणून की उत्साहाच्या भरात? आणि सर्वांत शहाणा प्राणी कोणता? तेरा वर्षांची मुले घरी जाऊन विचारू लागली, पालक वर्तमानपत्रांकडे गेले, वर्तमानपत्रे लेखकाकडे गेली, आणि लेखकाने सांगितले की गोष्टीला काही अर्थ नाही, ती तशीच लिहिली आहे. शेवटी राज्याचे शिक्षण आयुक्त जॉन किंग यांनी हे प्रश्न गुणांत धरले जाणार नाहीत असे जाहीर केले. मला या प्रकरणात मुलांच्या तक्रारीपेक्षा त्यांचे गोंधळणे अर्थपूर्ण वाटते. गोष्ट त्यांना पुरती समजली होती. तीत न समजण्यासारखे काही नव्हतेच, ती निव्वळ थट्टा होती. त्यांना लागेना तो पेपर काढणाऱ्याचा थांग. नेहमीचे मुख्य पात्र रंगमंचावर आले आणि संवाद विसरले, तर प्रेक्षक गोंधळणारच.

लेखकाला विचारून तरी काय फायदा, असा यावर एक विद्वत्तापूर्ण आक्षेप येतो. अर्थ ही काही लेखकाची वडिलोपार्जित इस्टेट नव्हे. एकदा लिहून झाले की कृती वाचकाची. मान्य. सारा होलब्रुक या कवयित्रीने २०१७ साली जाहीर लिहिले की टेक्सासच्या परीक्षेत आपल्याच कवितांवर आलेले प्रश्न आपल्यालाच सोडवता येत नाहीत. कवितेचे कडवे अमुक जागी का तोडले, याची परीक्षकाने दिलेली चारही कारणे तिच्या मनात आलेली नव्हती. यावरून ती चूक आणि परीक्षक बरोबर असे म्हणायची सोय आहे. कवीला आपली कविता कमी कळते, हे तर कुठलाही समीक्षक दुजोऱ्यासह सांगेल. पण मग लेखकाकडून काढून घेतलेली इस्टेट वाचकाच्या नावावर व्हायला हवी ना? ती होते परीक्षा घेणाऱ्याच्या नावावर, सातबारा उताऱ्यासकट. वाचक मूल कुळासारखे राबते आणि मत मांडायला गेले की त्याला चौकट दाखवली जाते.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. ते म्हणतात, तुम्हाला थट्टा सुचते, पण ज्या मुलाला गोष्टीत काय धरून ठेवायचे हेच उमजत नाही त्याला कोण, कुठे, कधी, मग काय झाले, शेवटी काय झाले, ही खुंटी द्यावीच लागते. अगदी खरे. गोष्टीला एक सांगाडा असतो आणि मुले त्या सांगाड्याच्या आधाराने गोष्ट लक्षात ठेवतात, यावर १९७०च्या दशकात मानसशास्त्रज्ञांनी भरपूर काम केले. तो सांगाडा शिकवल्याने अडखळणाऱ्या मुलांना मदत होते याबद्दल वाद नाही. वाद आहे तो खुंटीलाच कपडा समजण्याशी. डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. सातवी-आठवीची ६४ मुले, बेसबॉलच्या खेळाचा एक उतारा, आणि वाचलेला खेळ छोट्या मैदानावर लाकडी बाहुल्या हलवून दाखवायचा. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुले, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. घटक ओळखण्याचे कौशल्य एका बाजूला राहिले आणि मैदान ओळखीचे असणे कामी आले. आपल्याकडे याची कल्पना करायला लाकडी बाहुल्या नकोत. मराठीत काठावर पास होणाऱ्या पोराला वानखेडेवरच्या शेवटच्या षटकाचे वर्णन द्या आणि मराठीत पहिल्या आलेल्या, पण क्रिकेटचे वावडे असलेल्या मुलीला तेच द्या. लाँग ऑनचा खेळाडू आत का बोलावला, हे कोण सांगेल? आणि रामराव गप्प का राहिले हे ज्याच्या घरी पेरणीच्या दिवशी शाळा बुडते त्याला जितके चटकन कळेल तितके इतरांना कळणार नाही. पण त्याला ते कोणी विचारत नाही. त्याला विचारतात की आभाळात काय दाटून आले होते.

उरतो व्यवहाराचा आक्षेप, आणि तो बोर्डाच्या इमारतीइतकाच भक्कम आहे. लाखो उत्तरपत्रिका, त्या तपासणारे हजारो शिक्षक, वर नियामक, त्यांच्यावर मुख्य नियामक. उत्तर एकच नसेल तर नागपुरात तीन गुण आणि कोल्हापुरात एक, असे होणार. मग पालक, मग पुनर्मूल्यांकन, मग न्यायालय. चौकट रुक्ष असेल, पण ती न्यायी आहे. या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच ज्यांनी हा पेच सोडवून पाहिला त्यांच्याकडे बघायला हवे. अनेक देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांसाठी असणाऱ्या ‘पिसा’ या परीक्षेने खुल्या केलेल्या नमुन्यांत एक गोष्ट आहे: पुराच्या पाण्यात घरात अडकलेली बाई आणि त्याच घराच्या आसऱ्याला आलेला भुकेला पँथर. त्यावरच्या एका प्रश्नात दोन वाचक भांडतात. एक म्हणतो बाई क्रूर आहे, दुसरा म्हणतो ती कनवाळू आहे. दोघांच्याही बाजूने गोष्टीतला पुरावा द्या. दुसऱ्या एका प्रश्नात विचारले आहे की गोष्टीचे शेवटचे वाक्य शेवट म्हणून योग्य वाटते का. हो म्हणा, नाही म्हणा, गुण मिळू शकतात. मात्र आधार गोष्टीतलाच हवा. तिथेही मुले पुष्कळ असतात आणि तपासणारेही माणसेच असतात, फक्त त्यांच्या हातात एका उत्तराऐवजी उत्तर जोखायची रीत दिलेली असते. याचा अर्थ काहीही लिहिले तरी चालते असा नव्हे. पँथर शाकाहारी होता असे लिहिणाऱ्याला तिथेही शून्यच मिळते. याच परीक्षेच्या २००९च्या फेरीत भारताच्या दोन राज्यांतली मुले, तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेशातली, जवळजवळ तळाला राहिली, तेव्हा प्रश्न आपल्या मुलांच्या संदर्भातले नव्हते असे सरकारने म्हटले आणि पुढच्या फेरीपासून आपण दूर राहिलो. संदर्भाची ही सबब अगदीच खोटी नाही, बेसबॉलच्या प्रयोगाने ती अर्धी खरीच ठरवली आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल मात्र पँथरला दोष देता येत नाही.

तेव्हा कृतिपत्रिका जाळावी, बोर्ड बरखास्त करावे, असला आवेश या लेखात नाही. दोन गुणांच्या चौकटी राहू द्याव्यात. रामराव पहाटे उठले हेही मुलाला कळायला हवेच. फक्त त्या तीन गुणांच्या स्वमतातून पावसाचे महत्त्व काढून टाकावे आणि तिथे विचारावे: रामराव काही बोलले नाहीत, तुम्हाला ते पटले का? उताऱ्याच्या आधारे सांगा. एखादे मूल लिहील की बाप चिडला होता, म्हणून एकटाच निघाला. एखादी मुलगी लिहील की बापाला पोराचे शाळेत जाणे हवेच होते, हाक त्याने सवयीने मारली. आणि एखादा लिहील की पोराचेही बरोबर होते आणि ढगांचेही, म्हणून बापाला बोलण्यासारखे काही उरले नाही. गाइडवाल्यांची तारांबळ उडेल, कारण तिन्ही मते छापायची तर पाने वाढतात. नियामकांची बैठक लांबेल. आणि तपासणाऱ्या शिक्षकाला नमुना उत्तर बाजूला ठेवून आधी उतारा वाचावा लागेल.